सहा सेंटिमीटर

फोन आला तेव्हा करुणा मारुती मंदिराच्या सर्कलला रस्ता ओलांडत होती, आणि गुरुप्रसाद जे बोलला ते ऐकून ती तिथंच, रस्त्याच्या मधोमध, उभी राहिली. रिक्षावाल्याने आधी हॉर्न वाजवला, मग मान बाहेर काढून "ओ बाई, इथंच बिऱ्हाड करताय काय?" असं विचारलं. रत्नागिरीत माणसं असंच विचारतात. त्यात राग थोडा आणि चौकशी जास्त. ती मागे फिरली आणि बेकरीच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिली. "परत सांगा," ती फोनवर म्हणाली. "वहिनी, घाबरण्यासारखं काही नाही," गुरुप्रसाद म्हणाला. हा पाण्याच्या पाटाच्या कामावरचा इंजिनिअर, वयाने लहान, बोलायला गोड, आणि दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून काय वाटेल ते करणारा. "तुमच्या लेव्हल आणि सरांच्या लेव्हल जुळत नाहीत. सरांचं काम जिथं संपतं आणि तुमचं जिथं सुरू होतं तिथं एक पायरी पडतेय, सहा सेंटिमीटरची. मी काय करतो, सरांच्या सगळ्या आकड्यांतून सहा वजा करून टाकतो. रिपोर्टात एक ओळ घालू, आधीच्या मोजणीत चूक होती म्हणून. सरांची तब्येत तेव्हा कशी होती ते सगळ्यांना माहीत आहे. कोणी काही म्हणणार नाही." करुणाने विचारलं, याने पाण्याला काय फरक पडतो. काहीच नाही, तो म्हणाला, सगळंच सारखं खाली आलं की पाणी आपलं वाहणार. बेकरीतून खारी बिस्किटांचा वास येत होता. "थांबा जरा," ती म्हणाली. "इतक्यात वजा करू नका. मला एकदा बघू दे." गुरुप्रसाद बरं म्हणाला, पण त्याच्या बरं म्हणण्यात दया होती, आणि ती दया घेऊन ती घरी आली. भाजी घ्यायची राहून गेली.

गुरुप्रसादचे सर म्हणजे प्रज्ञेश, तिचा नवरा. तो गेल्या उन्हाळ्यात वारला. सर्व्हेअर होता, सरकारी नव्हे, स्वतःचा धंदा. पावस, पूर्णगड, इकडे वर हेदवीपर्यंत, ज्याला जमिनीचा चढउतार मोजून हवा असेल तो त्याला बोलवायचा. त्याचं यंत्र म्हणजे दोन पांढरे रिसीव्हर. एक तिपाईवर चढून एका ठरलेल्या जागी दिवसभर आकाशाकडे तोंड करून गप्प बसायचा. दुसरा एका पोलच्या डोक्यावर. तो पोल घेऊन प्रज्ञेश रानोमाळ हिंडायचा, टोक जमिनीला टेकवायचा, पोल सरळ धरायचा, आणि उपग्रहांच्या संकेतांवरून पायाखालची जमीन किती उंचीवर आहे तो आकडा हातातल्या पडद्यावर यायचा. करुणा घरी कॉम्प्युटरवर त्या आकड्यांचे नकाशे करायची. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं, तो उन्हात आणि ती पंख्याखाली, आणि दोघांच्या मध्ये आकडे. मूल झालं नाही. शेवटचं काम त्याच्या स्वतःच्या गावचं निघालं. पावसच्या अलीकडे त्यांची बौद्धवाडी. सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी पठाराच्या, पोटात बारमाही झरा आहे, त्याचं पाणी उघड्या पाटाने वाडीच्या वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, भाताच्या खाचरांपर्यंत आणायचं. अर्धी मोजणी प्रज्ञेशने केली, वाटेत एका सपाट चिऱ्यावर चुन्याची फुली मारली, आणि घरी आला तो परत गेलाच नाही. उरलेली अर्धी या हिवाळ्यात करुणाने केली, त्याच फुलीपासून पुढे. धंदा बंद करा, मशीन विका, असं पुष्कळांनी सुचवलं. तिने ऐकलं नाही. त्याची पाठीवरची बॅग तिने आधीच रिकामी केली होती, तो गेल्यानंतरच्या जलदान विधीच्या दिवशी सकाळी. मुंबईची माणसं येऊन उतरली होती, मागीलदारी सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी तापत होतं आणि तिला हाताला काहीतरी काम हवं होतं. टेप, लिमलेटच्या गोळ्या, फाटकी टोपी, एक चिखलाने माखलेली करवंटी, वाळलेल्या काटक्या. हा माणूस काय काय गोळा करायचा म्हणून ती तेव्हा चिडलीसुद्धा, आणि टेप तेवढा ठेवून बाकीचं तिने चुलीत सारलं.

त्याच्या डोक्यात गाठ होती. आधी शब्द गेले. चमच्याला किल्ली म्हणायचा, चहाला नुसतं "ते गरम", आणि चूक लक्षात आली की ओशाळून हसायचा. तरी कामावर जात होता. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आला तो पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरून. पडवीच्या बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडताना म्हणाला, "उद्या तू ये गं पोल धरायला." हे तो अधूनमधून म्हणायचाच, आणि ती नेहमी जे म्हणायची तेच म्हणाली, की मला उन्हात नाही जमत आणि दुसऱ्या कामाचा नकाशा व्हायचाय. तो थोडा वेळ नाडीशी झटत राहिला. मग वर न बघता म्हणाला, "तुझ्याबरोबर राहून मी एकटाच राहिलो, करुणा." आवाज चढवून नाही, रडून नाही, दूध नासलंय हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात. शब्द एकही चुकला नव्हता. ती आत गेली आणि भाकऱ्या थापायला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीत पडला, आणि त्यानंतर जिवंत होता तोवर त्याने एक सरळ वाक्य उच्चारलं नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो उजेडाला धरून दाखवला आणि सांगितलं, "ही जागा बघा. पडायच्या आधीचे दोन-तीन आठवडे ते जे काही बोलले असतील ते मनावर घेऊ नका. ते बोलणं त्यांचं नव्हे, या गाठीचं." त्यांनी हे सहज सांगितलं, बहुतेक सगळ्यांनाच सांगत असतील. पण करुणा त्या एका वाक्याच्या आधारावर उभी होती. रात्री जाग आली की ती स्वतःशी म्हणायची, ते त्याचं नव्हतं. सासूने, सुंदराबाईंनी, कितीदा विचारलं होतं, "माझ्याकडनं घरी आला तवा काय बोल्ला गो?" बोलण्यासारखी सासू होती, पण करुणाने दर वेळी एकच उत्तर दिलं, "काही नाही आये, बरळत होता."

आणि आता हे सहा सेंटिमीटर. घरी येऊन ती त्याच बाकावर बसली आणि तिला सगळं लख्ख दिसलं. ते आकडे आणि ते वाक्य एकाच दिवशी एकाच डोक्यातून निघालेले. आकडे चुकले असतील तर डॉक्टर खरे. तो तेव्हा तो नव्हताच, आणि तिने सुटकेचा श्वास घ्यायला हरकत नव्हती. गुरुप्रसाद तर तिला आयती सुटका देत होता: आकड्यांतून सहा वजा, आणि त्या वाक्यातून सगळंच. नुसतं हो म्हटलं असतं तर झालं होतं. मग थांबा का म्हणाली? नवऱ्याची बाजू घ्यायची सवय म्हणावी, तर जिवंतपणी ती कुठे घेतली होती. त्याचं काम चुकलं असं जगाला सांगायला तिचं मन तयार नव्हतं, आणि त्याचं काम बरोबर निघालं तर काय, या विचारापुढे ती जात नव्हती. आपल्याला यातलं नक्की काय व्हायला हवंय हे तिचं तिलाच कळेना. एवढं मात्र कळलं, की न बघता वजा करू दिलं तर उरलेला जन्म ती रोज ती बेरीज-वजाबाकी करत बसेल.

यंत्राचं दुखणं शोधायची एक रीत असते. दिसतं तिथून सुरुवात करायची आणि न दिसणाऱ्याकडे जायचं. ती पोल घेऊन गच्चीवर गेली. पोल कुठे वाकलाय का बघितलं, जोडाचे स्क्रू आवळले, पोल सरळ आहे का ते दाखवणाऱ्या बुडबुड्याशेजारी दुसरा बुडबुडा धरून दोन्ही एकच सांगतात का ते पाहिलं. सांगत होते. बॅटरी बदलली. शेजाऱ्यांनी पावसाळ्यासाठी गच्चीवर पत्रा घातलाय, उपग्रहाचे संकेत पत्र्यावर आपटून वाकडे येतात, म्हणून ती दुसऱ्या कोपऱ्यात गेली. पडद्यावर 'फिक्स' आलं. फिक्स म्हणजे यंत्राची स्वतःबद्दल खात्री झाली. यंत्र बरं, त्याची खात्री पटकन होते. तिने पुण्याला कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्याने कंटाळलेल्या आवाजात एकेक विचारलं आणि तिने एकेक सांगितलं. "पोलची उंची किती टाकलीय मॅडम?"

"दोन पॉइंट शून्य सहा."

"पोल दोन मीटरचाच येतो. वरचे सहा कसले?"

"मिस्टरांनी टाकलेत. मी हात लावला नाही. रिसीव्हरच्या आतला मधला बिंदू धरून असतील."

"हां, काही जण टाकतात तसं. पण त्यांनी आणि तुम्ही दोघांनी तेच टाकलंय ना?"

तिने आधीच बघितलं होतं. सहाला सहा जुळतात हे तिच्याही लक्षात आलं होतं, पण प्रज्ञेशच्या शेवटच्या कामातला प्रत्येक बिंदू त्याच उंचीवर नोंदलेला होता. तोच पोल, तोच आकडा, फुली असलेला तोच चिरा. दोघांचं सगळं एक होतं, म्हणजे फरक त्यातून येणं शक्यच नव्हतं. फरक काय तो धरणाऱ्या हातात. "मग मशीन ओके आहे मॅडम," पुण्याचा माणूस म्हणाला. "आधी ज्यांनी मोजलं त्यांनाच विचारा ना तुम्ही." तिने बरं म्हणून फोन ठेवला आणि गच्चीवर तशीच उभी राहिली. खाली कोणीतरी मासळी साफ करत होतं, कावळे जमले होते. विचारायचं तर काय काय विचारायचं, तिला वाटलं. सहा सेंटिमीटर हे सगळ्यात सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटरवर यंत्र बांधून गावी गेली. सड्यावर गवत वाळून सोनेरी झालं होतं आणि कातळ अजून गार होता. ठरलेल्या जागी तिपाई लावून, पहिला रिसीव्हर चालू करून, पोल खांद्यावर टाकून ती उतरणीने पाटाच्या रेघेला लागली. तिची अर्धी मोजणी खालच्या अंगाला झाली होती, ही वरची वाट तिने कधी पायाखाली घातली नव्हती. या वाटेने तो असाच गेला असेल, पण तो सवयीने, न बघता. ती प्रत्येक दगडावर पाय आधी चाचपून बघत होती. त्याच्या पायाखालचं जग तिने नकाशात इतक्या वेळा काढलं होतं, त्यातला एक दगड तिच्या ओळखीचा नव्हता. नकाशात ही उतरण म्हणजे चार वाकड्या रेघा. इथे करवंदीच्या जाळ्या होत्या, खाली माडांमधून समुद्राचा एक तुकडा दिसत होता, आणि वारा सुटला की त्या तुकड्याचा वास वर येत होता. एवढं सगळं असताना तो घरी येऊन फक्त आकडे द्यायचा आणि तीही फक्त आकडेच घ्यायची. इतर काही देऊ केलं असेल का त्याने? केलं असेल, एखाद्या वेळी, भाकरी थापताना, आणि तिने हूं म्हटलं असेल. फुलीचा चिरा खाचरांच्या वरच्या बांधाला होता. चुना पावसाने धुऊन फिकट झाला होता, तरी फुली कळत होती. एक रेघ सरळ, दुसरी जरा थरथरलेली. ती थरथर बघून तिला वाटलं, संपलं, चुकलाच तो. चिऱ्यावर टोक टेकवून, बुडबुडा वर्तुळात आणून तिने आकडा घेतला. त्याच्यापेक्षा सहा सेंटिमीटर खाली. मागे जाऊन त्याने मोजलेले आणखी दोन चिरे शोधले. तिथेही सहा. मग ती बांधावर बसली आणि गुरुप्रसादचा नंबर काढून त्याच्याकडे बघत राहिली. चुकला बिचारा, ती मनात म्हणाली, काहीच कळत नव्हतं त्याला. असं म्हटल्यावर हलकं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात तिला इतकं एकटं वाटलं की तिने फोन खिशात टाकला आणि उगीच पुढचा एक बिंदू घ्यायला खाचरात उतरली.

खाचरात नुकतीच लावणी झाली होती; तिने मोजणी केली तेव्हा इथं कोरडं होतं. टोक टेकवलं की चिखलात जात होतं. ती वर ओढत होती, परत जात होतं. सुंदराबाई वरच्या बांधावरून येत होत्या. कंबरेत वाकलेल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात कोयता. त्या थांबल्या आणि सुनेची ती धडपड जराशी बघून म्हणाल्या, "अगो, रुततंय ता. वाटी नाय आणलीस?"

"कसली वाटी, आये?"

"करवंटी गो. प्रज्ञेश खाली ठेवायचा ती. गेल्या थंडीत माझ्याकडनंच नेलीन. मीच कोयत्यान घासून दिली त्याला, डोळ्याची बघून. उलटी ठेवलीन की त्या डोळ्यात टोक बसायचा, हालायचा नाय."

करुणा चिखलात उभी होती. पाणी पायांच्या बोटांतून गार गार जात होतं. तिने विचारलं, आणि विचारताना तिला आपला आवाज दुसऱ्याच कोणाचा वाटला, "चिखलातच ठेवायचा ना?"

"सगळीकडं. त्या चिऱ्यावर पन ठेवायचा. मी हसली त्याला. मी म्हटलं, दगड काय रुततंय काय रे? तर म्हणतंय कसा, आये, माझ्या डोक्यात आता दोन आकडे ऱ्हात नाय. म्हणून एकच ठेवलाय." सुंदराबाईंनी पदराने तोंड पुसलं. "हुशार व्हता माझा झील. शेवटपर्यंत हुशार."

चूल भडकली होती त्या दिवशी. करवंटी झकास जळते, तेल असतं तिच्यात. पिवळी ज्योत लांबून वर आली होती आणि कोणीतरी म्हणालं होतं, आता तापेल बघ पाणी. त्याच पाण्याने त्याचे मामेभाऊ न्हाले, तीही न्हाली. करुणा बांधावर चढली. दोन मीटरवरचे ते सहा करवंटीच्या उंचीचे होते, आणि करवंटी तिने ठेवलीच नव्हती. चिखलाच्या हातांनी तिने पडद्यावरचा तो दोन पॉइंट शून्य सहा खोडला आणि नुसते दोन मीटर टाकले. मग चिऱ्यावर टोक ठेवून श्वास धरून थांबली. फिक्स आलं. आकडा आला. तो त्याचाच आकडा होता. मिलिमीटरचा फरक असेल तर असेल, तेवढा वाऱ्यानेही पडतो. तिने दुसऱ्या चिऱ्यावर घेतला, तिसऱ्यावर घेतला. सगळीकडे तो बरोबर होता. डोकं दगा देतंय हे त्याला आमच्या आधी कळलं होतं, ती स्वतःशी म्हणाली, म्हणून त्याने डोक्यावरचा भरवसा काढून आईच्या करवंटीवर ठेवला. जो माणूस आपली चूक होण्याआधी तिची तजवीज करतो त्याला बरळत होता असं कसं म्हणायचं. थरथरत्या हाताने फुली मारून, करवंटी बॅगेत टाकून तो शुद्धीवर घरी आला, शुद्धीवर बाकावर बसला, आणि जे बोलला ते मोजूनच बोलला. डॉक्टरांचं वाक्य तिच्या पायाखालून निघून गेलं. खूप दुखलं. पण त्या दुखण्यात, गेल्या कितीतरी महिन्यांत प्रथमच, तो तिला जसाच्या तसा आठवला; गाठ नव्हे, फोटो नव्हे, बुटाची नाडी सोडणारा, तिच्यावर रुसलेला नवरा. रुसलेला होता, पण होता.

तिने तिथूनच फोन लावला. "सरांचं बरोबर आहे," ती गुरुप्रसादला म्हणाली. "त्यांच्या आकड्यांना हात लावू नका. माझ्या आकड्यांत सहा मिळवा."

"पण वहिनी, रिपोर्टात मग काय लिहायचं?"

"नंतरच्या मोजणीत चूक होती असं लिहा. माझं नाव घालून लिहा."

तो थोडा घुटमळला. तुमचं नाव कशाला वहिनी, असंच काहीतरी गोड बोलू लागला. तिने फोन ठेवला. सुंदराबाई तेवढ्यात घरी जाऊन आल्या होत्या. त्यांच्या हातात नवी करवंटी होती, डोळ्यांची, ताजी घासलेली, अजून आतून ओली. "ही धर," त्या म्हणाल्या. "ती जुनी काय, गेली असंल खयतरी." करुणाने करवंटी घेतली. खोटं बोलायचं तिच्या मनात होतं आणि खरंही. ती करवंटी आतून बोटाने पुसत राहिली. सुंदराबाई बांधावर टेकल्या, कोयता बाजूला ठेवला, आणि भाताच्या रोपांकडे बघत त्यांनी परत तेच विचारलं, उत्तराची फारशी आशा न ठेवता, जसं त्या प्रत्येक भेटीत विचारायच्या. "हयसून घरी गेला तवा काय बोल्ला गो तो?"

"म्हणाला, उद्या तू ये पोल धरायला."

सुंदराबाई वळून बघू लागल्या. "मग?"

"मी नाही म्हटलं."

पुढचं वाक्य ती बोलली नाही. ते तिचं एकटीचं होतं. तेवढं तरी त्याचं दिलेलं तिने आपल्याजवळ ठेवलं. म्हातारीने हात पुढे करून सुनेच्या पोटरीवरचा चिखल, लहान मुलाचा पुसावा तसा, तळव्याने निपटून काढला. "आता आलीस ना," ती म्हणाली.

"हो. आता आले."

करुणा खाचरात उतरली. वाकून तिने करवंटी चिखलात पालथी ठेवली, चाचपून डोळा शोधला आणि त्यात पोलचं टोक बसवलं. खरंच हलत नव्हतं. मग ती दोन्ही हातांनी पोल धरून उभी राहिली, आणि पडद्यावर यंत्राची सूचना आली की पोल सरळ धरा. ती धरत होती. समोर सगळं पाणावून एक झालं होतं, रोपं, बांध, सासू. सूचना परत आली, परत आली. बुडबुडा काही केल्या वर्तुळात येईना.